बेटावर मारलेली हाक

१

लग्नात नव्या नवरीचं नाव तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहितात. लिहायला सोपं, अंगी लागायला अवघड. हर्षाचं नाव ताटात 'कामिनी' झालं, त्याचे फोटो निघाले, तांदूळ डब्यात गेले आणि हर्षा होती तशीच राहिली. सासू ललिताबाई अंगणातून "कामिनी" म्हणून ओरडायच्या, तेव्हा ही मागं वळून बघायची, कोण बाई आली म्हणून. मग हसायची.

"मले म्हनता का जी आईजी?"

"नाही, भिंतीले म्हनतो," ललिताबाई म्हणायच्या.

आंधळगावात यादोरावांचं घर धानाचं, खाऊन-पिऊन सुखी. त्यांचा मुलगा भुपेंद्र शेतपंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा. बसस्टँडजवळ त्याचं दुकान होतं, दुकानात मोटार बुडवून तपासायचा सिमेंटचा हौद होता. हर्षा त्याची बायको. भांडी घासताना शीळ घालायची, भाजीत मीठ कमी असलं तर सासऱ्यासमोर सांगायची आणि भल्या पहाटे ट्रॅक पँट चढवून मोहाडीच्या रस्त्यानं धावायची. तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं. सोयरीक जुळली त्या बैठकीत भुपेंद्रनं सगळ्यांसमोर मान डोलावून सांगितलं होतं, आमची काही हरकत नाही. लग्नानंतर हरकत घरभर निघाली. सून पँट घालून धावते, लोक काय म्हणतील, मैदानावर पोरांसमोर छाती मोजून घेणार का, हे सगळं ललिताबाई रोज नव्यानं बोलायच्या.

भुपेंद्र वाईट नव्हता. घरात कुणी रुसलं की त्याची भूक मरायची, एवढंच. आणि भूक मरू नये म्हणून तो दोघींनाही हो म्हणायचा.

पावसाळ्यात मोटारी जळत नाहीत, दुकान रिकामं असतं. त्याच दिवसांत अंदमानकडं कुणी फिरकत नाही, म्हणून सगळं स्वस्त असतं. हर्षानं मोबाइलवर हे हुडकून काढलं आणि एकदा समुद्र दाखव म्हणून हटून बसली. गोसीखुर्दच्या धरणात तिचं जन्माचं गाव बुडालं होतं. पुनर्वसनाच्या गावात वाढलेली पोर, स्वतःच्या घराच्या आढ्यावरून पोहायला शिकलेली. तिला पाण्याचं भय कसलं.

भुपेंद्रनं इकडं हो म्हटलं. आईला सांगितलं, देवदर्शन पण होईल.

२

बेटावरचं ते गाव म्हणजे एक ओला रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना समुद्राच्या तळाशी नेऊन आणायची दुकानं. प्रत्येक दुकानाबाहेर काळे रबरी कपडे दोरीवर लटकवलेले. त्या हवेत ते वाळत मात्र नव्हते. सगळ्यात स्वस्त खोली घेतल्यामुळं डोक्यावर पत्रा, उशीला शेवाळाचा वास आणि पंखा फिरण्यापेक्षा कण्हायचाच जास्त. हर्षाला सगळंच आवडलं. रात्री तिनं विचारलं, "घरी गेल्यावर आईले भरतीचं सांगशीन ना? ह्या वेळी तू सांग. मी सांगतलं का भांडन होते."

"सांगतो," भुपेंद्र म्हणाला, आणि त्या वेळी त्याला ते खरंही वाटलं.

सकाळी निघताना हर्षाच्या आईचा, पार्वताबाईंचा फोन आला. लेक पाण्याखाली जाणार हे तिनंच आईला सांगितलं होतं.

"जवाईबापू, डोकश्यावरून पानी गेलं का मानसाले काठावरून हाक मारून न्या लागते," पार्वताबाई म्हणाल्या. "आमचं गाव बुडालं तवापासून आमी हाक मारल्याबिगर कोनालेच पान्यातून नेत नाही. इसरजा नोका."

हर्षा केस बांधत होती. "आन माझ्या नावानं मारजो," ती म्हणाली. "ताटातल्या नावानं नोको."

भुपेंद्र गळाभर पाण्यात उतरला, तोंडात नळी धरली आणि दोन श्वासांतच घाबरून बाहेर आला. बुडी शिकवणारा चंद्रकुमार नावाचा तमीळ माणूस होता, तो चांगल्या मनानं हसला. हर्षा मात्र त्याच्याबरोबर खाली गेली ती बराच वेळ दिसली नाही. काठावर बसून भुपेंद्र बुडबुडे बघत राहिला.

वर आली तेव्हा तिचे डोळे मोठे झाले होते. "खाली काहीच आवाज नाही भुपेंद्र. आपलाच श्वास आयकू येते. कोनी हाकच मारत नाही." ती कमरेएवढ्या पाण्यात मजेत उभी राहिली आणि शीळ घालू लागली. आभाळ भरून आलं. चंद्रकुमार दोर गुंडाळत म्हणाला, "भैया, बुला लो मॅडम को, बारिश आ रही है."

तेवढ्यात ललिताबाईंचा व्हिडिओ कॉल आला. भुपेंद्रनं मोबाइल समुद्राकडं धरला.

"सून कोटी हाय? अजून पान्यातच? बोलाव तिले," आई म्हणाली.

भुपेंद्रला हाकेची आठवण झाली. पण हातात आईचा चेहरा होता, आणि आईसमोर त्यानं बायकोला जुन्या नावानं एकदाही हाक मारली नव्हती. त्यात एवढं काय, नाव कुठलंही असलं तरी बाई तीच, असं त्याला वाटलं.

"कामिनी, चल घरी," तो ओरडला.

शीळ मध्येच तुटली. एक लाट आली, फार मोठी नाही, तिच्या डोक्यावरून गेली. मग ती पाण्यातून सरळ चालत आली, पायाखाली न बघता.

"आली जी," ती म्हणाली.

आई मोबाइलमध्ये खूश झाली. भुपेंद्रलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. एकटा चंद्रकुमार पाण्याकडं बघत उभा होता.

"आपके साथ और कोई थी क्या?" त्यानं विचारलं.

"नाही," भुपेंद्र म्हणाला. बाकी मग पाऊसच आला.

३

घरी आल्यावर ललिताबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि आठवड्याभरात सगळ्या आळीला सांगून झालं की बेटानं सून सुधारली. सुंठीवाचून खोकला गेला. पहिल्या हाकेला ओ देते. डोक्यावरून पदर ढळत नाही. यादोरावांचं जेवण झाल्याशिवाय ताटाला हात लावत नाही. भुपेंद्रला ती 'तुमी' म्हणू लागली. धावायचे बूट तिनं स्वतःच माळ्यावर टाकले.

भुपेंद्रला वाटलं, नाराज असेल. प्रवासात थकली असेल. बायकांचं काही सांगता येत नाही, असंही त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. हे वाक्य पुरुषांना फार उपयोगी पडतं.

काही गोष्टी मात्र त्या वाक्यात बसेनात. ती झोपायची उताणी, हातपाय थोडे पसरून, आणि पहाटेपर्यंत कूस बदलायची नाही, जशी पाण्यावर अलगद ठेवली आहे. आणि घरातलं सगळं पाणी ती झाकू लागली. रांजणावर झाकण असतंच. पण तिनं न्हाणीतल्या बादलीवर परात ठेवली, टाकीवर फरशी सरकवली, कोंबड्यांच्या वाटीवरसुद्धा उलटी टोपली.

"डास होत नाही," ललिताबाई कौतुकानं म्हणाल्या.

एका संध्याकाळी त्याला आपल्या शब्दाची लाज वाटली. ती खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तो म्हणाला, "आज सांगू का आईले?"

"कायचं जी?"

"भरतीचं."

तिनं घडी गुडघ्यावर ठेवली आणि फार समजूतदारपणे त्याच्याकडं पाहिलं.

"कोनाच्या?" तिनं विचारलं.

त्यानं आईला काही सांगितलं नाही. आता ज्याच्यासाठी सांगायचं तेच उरलं नव्हतं, तर उगाच भांडण कशाला. त्या रात्री तो पोटभर जेवला.

४

दुकानात एक सबमर्सिबल मोटार भरून झाली होती. ती त्यानं हौदात सोडली आणि बटण दाबलं. मोटार चालू झाली आणि तिच्या घरघरीच्या वर एक बारीक शीळ ऐकू आली.

बेअरिंग. कोरडी पडली की अशीच वाजते. त्यानं मोटार काढली, खोलली, नवी बेअरिंग टाकली, पुन्हा सोडली. शीळ होतीच. बुश घासत असेल म्हणून तो बदलला. तरी शीळ. मग त्यानं कान दिला आणि हातातला पाना हळूच खाली ठेवला. बेअरिंगची शीळ एकाच सुरात जाते. ही खाली-वर होत होती. मध्ये थांबत होती, भांडं विसळायला थांबावं तशी, आणि पुन्हा तिथूनच सुरू होत होती.

त्यानं बटण बंद केलं. घरघर थांबली. शीळ थांबली नाही.

दुपारची वेळ, रस्त्यावर एसटी उभी, समोरच्या टपरीवर माणसं भजी खात होती. भुपेंद्र हौदाजवळ गेला नाही. बाहेर जाऊन त्यानं चहा घेतला आणि शेजारच्याशी धानावरच्या रोगाबद्दल बोलला. आवाज पाण्यात घुमतो, नळातून कुठलाही आवाज कुठंही येतो, हे त्याला धंद्यानं शिकवलं होतं. परत आला तेव्हा हौद गप्प होता. त्यानंही त्यावर पत्रा ओढला.

आपण पत्रा ओढला, हे त्याला नंतर घरी जेवताना आठवलं.

५

रविवारी सकाळी आई-बाबा शेतावर गेले होते. ती चुलीजवळ भाकरी थापत होती, तो दारात उभा राहून तिची पाठ बघत होता. तीच पाठ. मानेवर तोच तीळ. त्यानं ठरवलं आणि घसा खाकरून म्हणाला, "हर्षा."

तिचा हात थांबला नाही. भाकरी फिरत राहिली.

"हर्षा," तो मोठ्यानं म्हणाला.

मग ती वळली. त्याच्याकडं नाही, त्याच्या मागं, अंगणाच्या दाराकडं. कुणी बाई आली असेल तर बसायला पाट द्यावा, अशा तयारीत.

"कोन आलं जी?"

आणि त्याच वेळी न्हाणीघरातून "ओ" आली.

लांबून नाही. तिथूनच. परातीखालच्या बादलीतून, भरल्या पाण्यातून यावी तशी, जड आणि गुळगुळीत. आणि त्यात आनंद होता. किती दिवसांनी कुणी बोलावलं, असा आनंद. भुपेंद्र न्हाणीकडं वळला पण पुढं गेला नाही, ते भीतीनं की त्या आनंदानं, हे त्याला सांगता आलं नसतं.

ती उठली. पिठाचे हात पदराला पुसून न्हाणीत गेली. परात थोडी सरकली होती ती तिनं नीट केली, वर कपडे धुवायचा दगड ठेवला आणि परत येऊन भाकरी उलटली.

"करपली थोडीशी," ती म्हणाली. "ही मी खाईन. तुमाले दुसरी टाकतो."

६

पार्वताबाई न सांगता आल्या. पिशवीत लाखोळीची डाळ आणि लेकीसाठी नवे धावायचे बूट. दारातच लेक पदर सावरून त्यांच्या पाया पडली.

"कवा आल्या जी? बसा. च्या मांडतो."

जन्मात कधी आईला 'तुमी' न म्हटलेली पोर. पार्वताबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, बराच वेळ बघितला आणि मग हात सोडून दिले. बाजारात दुसऱ्याची पिशवी चुकून उचलली की माणूस ठेवतो तसे.

ललिताबाई कौतुक सांगत होत्या. "लय गुनाची हाय विहीनबाई तुमची लेक. आता आमाले काही मांगनं नाही."

पार्वताबाईंनी चहा घेतला नाही. जाताना भुपेंद्र त्यांना सोडायला बसस्टँडपर्यंत गेला. एसटीची वाट बघताना त्यांनी विचारलं, "कोनत्या नावानं हाक मारली जवाईबापू?"

"तुमी सांगतलं तशीच," भुपेंद्र म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. "मी येतानी पोरीची शीळ आयकू आली म्हनून तुमच्या बोडीवर थांबली होती," त्या म्हणाल्या. बोडी म्हणजे यादोरावांच्या बांधाला लागून असलेलं लहान तळं. "लय हाका मारल्या. शीळ आयकू येते मले, पन पोरगी जवळ येत नाही. माय हाव मी तिची, पन काठावर मी नोती. तिले तुमी सोडून आले, तुमालेच बोलवा लागन." मग पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "वाट पाहून पाहून मानूस थकते, बापू. लवकर जाजा."

बुटांची पिशवी त्यांनी परत नेली.

७

भुपेंद्र दुसऱ्या दिवशी दुपारी बोडीवर गेला. ऊन होतं. धान पोटरीला आलं होतं, बांधावर कुणी नव्हतं. पाणी काठोकाठ भरलेलं, काठाशी कमळाची पानं, मधे मोकळं. तो उतारावर उकिडवा बसला आणि शीळ आली.

आधी पलीकडच्या काठाकडून, मग मधून, मग अगदी त्याच्या पायांशी. तो बोलावणार हे तिला कळलं होतं.

एक हाक मारायची होती. दोन अक्षरं. त्यानं तोंड उघडलं आणि त्याला घर आठवलं. हर्षा आली तर पहाटे ट्रॅक पँट आली. आईचं तोंड फिरवून बसणं आलं, बाबांचं न जेवता उठणं आलं. बैठकीत दिलेला शब्द आला, बेटावर दिलेला शब्द आला. आणि काठावर कुठलं नाव घेतलंस, हे तिनं विचारलं असतं. ती विचारल्याशिवाय राहणारी नव्हतीच. गेला महिना घरात आवाज चढला नव्हता. आयतं सुख कुणाला नको असतं? मनाशी तो म्हणाला, उद्या येऊ. आईला आधी तयार करू, मग येऊ.

पाण्याखाली, हातभर आत, काहीतरी फिकट वर आलं. आधी त्याला कमळाचा देठ वाटला. मग भांग दिसला, सरळ, कुंकू नसलेला. मग कपाळ. चेहरा वर वळलेला होता, डोळे उघडे, आणि ओठ ओ देण्यासाठी आधीच गोल झालेले. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. त्याच्या उघड्या तोंडाकडं.

भुपेंद्रनं तोंड मिटलं.

चेहरा तिथंच राहिला, थोडा वेळ. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मग ते गोल ओठ हळूहळू मिटले, त्याचे मिटले तसेच, आणि पाणी नुसतं हिरवं झालं.

तो घरी आला तेव्हा ती न्हाणीघरासमोर उभी होती. बादलीवरचा दगड काढलेला, परात धुऊन उन्हात ठेवलेली. रांजण उघडा. कोंबड्यांची वाटी उघडी.

"आता झाकाची गरज नाही जी," ती म्हणाली, आणि त्याला हात धुवायला पाणी दिलं.

८

दिवाळी आली, गेली. धान कापून झालं. मोटारी जळू लागल्या, दुकानात रांग लागली. भुपेंद्र एकेक मोटार हौदात सोडायचा आणि बटण बंद केल्यावर बराच वेळ वाकून उभा राहायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, झाली ना चालू, मग आता काय बघता? एकदा खरोखर बेअरिंग वाजली, तर ती मोटार त्यानं तशीच वाजत ठेवली आणि मालकाला दोनदा खोटं सांगून परत पाठवलं.

बोडीवर तो रोज गेला. त्या नावानं त्यानं आता हाका मारल्या, हव्या तेवढ्या, मोकळ्या गळ्यानं. बगळे उडाले. फोन केला तर पार्वताबाई उचलत नव्हत्या.

त्या दिवशी दुपारी तो जेवायला घरी आला. आई पडवीत तांदूळ निवडत होती. हात धुवायला तो न्हाणीत गेला, भरलेली बादली दिसली, आणि आई ऐकतेय हे माहीत असूनही तो बादलीवर वाकला. आयुष्यात पहिल्यांदा आईसमोर त्यानं ते नाव घेतलं, रडत, मोठ्यानं.

"हर्षा. हर्षा, चल घरी."

पाणी हललं नाही. पडवीतला तांदळाचा आवाज थांबला.

"आली जी," मागून आवाज आला.

ती दारात उभी होती. डोक्यावर पदर, हाताला पीठ. आता ती त्याही नावाला ओ देत होती. चेहऱ्यावर प्रश्न नव्हता, ओळख नव्हती, नुसती तत्परता होती.

"काय पायजे जी?"

"काही नाही," भुपेंद्र म्हणाला.

ती तिथंच उभी राहिली. जा म्हटल्याशिवाय ती जात नसे.